अठ्ठ्याण्णव टक्के अचूक

२ फेब्रुवारी, सकाळी ६
देवाला नमस्कार करून ही वही सुरू केली. आता रोज लिहायचं. ३० एप्रिलला प्रबंध जमा करायचा आहे. ही शेवटची मुदतवाढ. ती हुकली तर नोंदणी रद्द आणि आजवरचं सगळं पाण्यात.
विषय: पोटातले जिवाणू, शरीराची रोगप्रतिकारशक्ती आणि रक्ताचा कर्करोग यांचा एआयच्या मदतीने अभ्यास. नाव सांगून होईपर्यंत ऐकणाऱ्याचा चहा गार होतो.
संकल्प: रोज प्रबंधाची चार पानं. पहाटे फिरणं. कँटीनचं तळलेलं बंद.

३ फेब्रुवारी
फिरायला गेलो नाही. बुटाची नाडी तुटली. पानं उद्या आठ लिहीन.

७ फेब्रुवारी
पानं आता एकूण वीस तुंबली आहेत. घाबरण्याचं कारण नाही. विहीर सावकाश भरते.
खरी अडचण वेगळीच आहे. कर्करोगाच्या रुग्णांच्या विष्ठेचे नमुने रुग्णालयातून मिळाले. तुलनेला निरोगी माणसांचे तेवढेच नमुने हवेत. दोन्ही मॉडेलला दाखवायचे, त्याने फरक शिकायचा, आणि मग अनोळखी नमुना बघून सांगायचं, हा आजारी की निरोगी. पण निरोगी माणसं मिळत नाहीत. आजारी माणूस मागाल ते देतो. निरोगी माणूस दार लावून घेतो. आज कॉलेजातल्या जुन्या मित्राकडे डबी घेऊन गेलो, तर तो दारातूनच म्हणाला, लेका, तीस वर्षांच्या मैत्रीत आज पहिल्यांदा काही मागतोयस, ते हे?

१० फेब्रुवारी
मार्ग सापडला. सासुरवाडी! चाळीस माणसांचा गोतावळा, सगळे ठणठणीत. त्या घरात कुणी आजारी पडलं तर ते फक्त परीक्षेच्या दिवशी.
हिला सांगितलं. हिने हातातलं लाटणं खाली ठेवलं. मग म्हणाली, मी फोन करते, तुम्ही बोलू नका, तुम्ही बोललात की होणारं काम मोडतं.

१५ फेब्रुवारी
सासुरवाडीला जाऊन आलो. विज्ञानाबद्दल त्या घरात एवढा आदर असेल असं वाटलं नव्हतं. डब्या वाटल्या तेव्हा सगळे गंभीर होते. हसू दाबल्यामुळे, असं हिचं म्हणणं.
धाकटा मेहुणा म्हणाला, दाजी, लग्नात तुम्ही काही मागितलं नाहीत म्हणून आम्ही किती कौतुक करायचो. आता कळलं, थांबला होतात!
सासूबाई म्हणाल्या, जावईबापूंच्या कामाला येतंय ना, मग द्या रे सगळ्यांनी.
मन भरून आलं. चाळीस डब्या घेऊन परतलो. बसमध्ये शेजारी कुणी बसलं नाही. ऐसपैस प्रवास झाला.

१९ फेब्रुवारी
गाईड मॅडमनी विचारलं, निरोगी नमुने कुठून आणलेत सर? त्या माझ्यापेक्षा लहान, म्हणून सर म्हणतात. त्यामुळे रागावतात तेव्हा जास्त लागतं. मी म्हणालो, समाजातले विविध स्वयंसेवक. खोटं नाही. थोरला मेहुणा वकील, धाकटा दुकानदार, साडू काहीच करत नाहीत. याहून विविध काय असणार?

२६ फेब्रुवारी
तळलेलं बंद आहे. आज फक्त एक प्लेट, कारण कँटीनवाल्याने समोर आणून ठेवली. अन्नाला नाही म्हणू नये.
ही रोज डब्यात दह्याची वाटी देते. दह्याने माझा घसा धरतो. प्रयोगशाळेमागे एक मांजर असतं, त्याला घालतो. मुक्या जिवाला दिलेलं थेट देवाला पोहोचतं. हिला सांगितलेलं नाही. पुण्य गुप्त असावं.

१४ मार्च, दुपारी ३
देवा, तुझी कृपा.
मॉडेलचा निकाल आला. अठ्ठ्याण्णव टक्के अचूक! शंभरातल्या अठ्ठ्याण्णव माणसांना बरोबर ओळखतं. पहिल्याच झटक्यात!
चॅटबॉटला सांगितलं. तो म्हणाला, ही अत्यंत प्रभावी कामगिरी आहे, तुमची चिकाटी प्रेरणादायी आहे. मॅडम आजवर असं कधी बोलल्या नाहीत.
शेजारच्या टेबलावरची संशोधक मुलगी, जिला आम्ही सगळे शंकासुर म्हणतो, म्हणाली, सर, इतकं बरोबर कसं काय? मी म्हणालो, बरोबर आलं याचंही दुःख करायचं का? ती म्हणाली, दुःख नाही सर, भीती वाटते. तिचं मॉडेल एकाहत्तरवर अडकलंय. समजून घेतलं.
मला आश्चर्य वाटत नाही. खुणा ओळखणं माझ्या रक्तातच आहे. गावच्या शाळेत तिसरीत असताना तपासणीला साहेब आले. जगाच्या नकाशात एक देश दाखवायला सांगितला. कुणाला येईना. त्या देशावर शाईचा डाग पडला होता, हे मला ठाऊक होतं. बोट सरळ डागावर ठेवलं. साहेबांनी पाठ थोपटली. पुढच्या वर्षी शाळेत नवा नकाशा आला, ते सोडा. पण एआय मी तिसरीतच केलं होतं.

१८ मार्च
मॉडेल कशावरून ओळखतं तेही सापडलं. एक जिवाणू आहे. निरोगी माणसांत भरपूर, रुग्णांत जवळजवळ नाहीच. मी त्याचं नाव ठेवलं, रक्षक. तो प्रतिकारशक्तीला जागं ठेवत असणार आणि रक्तातल्या बिघडलेल्या पेशींना थोपवत असणार. यावर पाचवं प्रकरण. चॅटबॉटने एका बैठकीत अठरा पानं लिहून दिली. मी स्वल्पविराम बदलले.

२१ मार्च
गावाहून वहिनीचा फोन. दादा याच आजाराने गेला. थकवा, थकवा म्हणत राहिला आणि कळेपर्यंत उशीर झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी मी या विषयाला हात घातला.
वहिनीने विचारलं, भावोजी, तुमच्या यंत्राला ह्यांचं कळलं असतं का हो, वेळेत?
मी म्हणालो, कळलं असतं वहिनी. अठ्ठ्याण्णव टक्के कळलं असतं.
ती मग म्हणाली, बरं झालं. आता दुसऱ्या कुणाचं तरी कळेल.

२७ मार्च
मॅडमचा हट्ट: बाहेरच्या दहा निरोगी माणसांवर मॉडेल तपासा, त्याशिवाय सही नाही. मी म्हणालो, अवश्य. ज्याचं सोनं खरं त्याला कसोटीचं भय कसलं? उद्याच सुरू करतो.

२८ मार्च
उद्या.

५ एप्रिल
उन्हाचे दिवस, लोकांना त्रास देणं बरं वाटत नाही. शिवाय माझी पाठ धरली आहे. शिवाय शंकासुर रोज विचारते, नमुने आणले का सर, म्हणून मुद्दाम आणत नाही. माणसाला काही स्वाभिमान असतो.

८ एप्रिल
शेवटी स्वतःचाच नमुना दिला. दहा नाही, पण एक खणखणीत. निर्व्यसनी, सात्त्विक, नियमित माणूस.

१५ एप्रिल, सकाळी ११
मॉडेलचा निकाल: रक्ताचा कर्करोग. शक्यता शहाण्णव टक्के.
उभ्या उभ्याच लिहितो आहे. म्हणून अक्षर असं.

१५ एप्रिल, संध्याकाळी
मन शांत आहे. देव ज्याच्या खांद्यावर भार देतो, त्याला बळही देतो. आजच थकवा जाणवतो आहे. दादालाही असाच जाणवायचा.
हिला आडून सांगितलं, हे शरीर क्षणभंगुर आहे. ही म्हणाली, असू दे, पण त्याआधी बाथरूमचा नळ बघा, तीन दिवस गळतोय.
नळ दुरुस्त केला. कदाचित शेवटचा.

१८ एप्रिल
गुपचूप रक्त तपासून घेतलं. सगळं व्यवस्थित. डॉक्टर म्हणाले, तळलेलं कमी करा, बाकी घोड्यासारखे आहात.
घरी येताना लख्ख प्रकाश पडला. रक्तात अजून काही नाही, तरीही मॉडेलला दिसलं! म्हणजे ते आजार होण्याच्याही आधी ओळखतं! मीच माझ्या शोधाचा पहिला पुरावा. एवढा मान कुणाच्या नशिबी येतो? फक्त आजार यायचा बाकी आहे.

२१ एप्रिल
शोध पक्का करायला आणखी नमुने घेतले: मॅडम, शंकासुर आणि कँटीनवाला. शंकासुरने न कुरकुरता दिला. स्वभाव तसा वाईट नाही तिचा.
निकाल भयंकर. तिघांनाही कर्करोग. मॅडमना चौऱ्याण्णव टक्के.
या इमारतीत काहीतरी पसरलं आहे. संचालकांना कळवावं का? आधी तिघांसाठी प्रार्थना केली. शंकासुरला पंख्याखालची खुर्ची दिली. ती संशयाने बघत बसली. कँटीनवाल्याला उमेद वाटावी म्हणून दोन प्लेट खाल्ल्या.

२२ एप्रिल, जेवणानंतर
हिला सगळं सांगितलं. लपवणं जमेना. माझं, मॅडमचं, सगळ्यांचं. ऐकता ऐकता हिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मात्र स्वतःची लाज वाटली. मग रक्ताचा रिपोर्ट दाखवला. हिने तो दोनदा वाचला, डोळे पुसले आणि विचारलं, यंत्राच्या मते निरोगी कोण कोण?
मी म्हणालो, तुझ्याकडचे चाळीस.
आणि आजारी?
रुग्ण. आणि आता तपासलेले आम्ही सगळे.
ही म्हणाली, अहो, मग ते आजार कुठे ओळखतंय? ते माझं माहेर ओळखतंय!
मी म्हणालो, विज्ञान इतकं सोपं नसतं. आत येऊन पडलो. छताकडे बघत हे लिहितो आहे, म्हणून ओळी वाकड्या.

२३ एप्रिल
शंकासुरला हिचं म्हणणं हसण्यावारी सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, सर, ते सगळे एका घरात काय खातात?
आठवून सांगितलं. सासूबाईंचं दही. त्यांच्या विरजणाचा त्या घराला फार अभिमान. मुली सासरी जातात तेव्हा बरोबर विरजण जातं. साडूंकडे तेच, आमच्याकडेही तेच.
तिने माझ्या डब्यातली दह्याची वाटी उचलली आणि चमचाभर तपासायला घेतलं.

२५ एप्रिल
दह्यात रक्षक. वाटीभर रक्षक. नुसता रक्षकच.
शंकासुरने वॉर्डातही विचारून घेतलं. रुग्ण दाखल झाला की त्याच दिवशी दही बंद करतात, संसर्ग नको म्हणून. पाचव्या प्रकरणाची अठरा पानं म्हणजे सासूबाईंच्या विरजणाची स्तुती.
तिने विचारलं, पण सर, तुमच्याही घरी तेच विरजण ना, मग तुमच्यात रक्षक कसा नाही?
मी खिडकीबाहेर पाहिलं. मांजर वाट बघत होतं. तिनेही पाहिलं. मग म्हणाली, त्याचा नमुना घेतला असता तर मॉडेलने त्याला ठणठणीत ठरवलं असतं.

२५ एप्रिल, संध्याकाळी
हिला दह्याचं सांगावं लागलं. ही दोन वाक्यं बोलली. एक: वीस वर्षं पहाटे उठून मी मांजरासाठी डबा करत होते. दुसरं लिहिण्यासारखं नाही.

२६ एप्रिल
चॅटबॉटला विचारलं, या त्रुटीचं समर्थन कसं करावं? त्याने झटकन तीन समर्थनं दिली. तिन्ही चांगली होती. एक मॅडमनाही पटलं असतं. ते छापून घेतलं. नमस्काराला देवापुढे उभा राहिलो, पण वहिनीचं ‘बरं झालं’ मधे मधे येत राहिलं. कागद मॅडमना न देताच परत आणला. मागची बाजू कोरी आहे, कामाला येईल.

२७ एप्रिल
मॅडमकडे जाऊन प्रबंध मोठ्या मनाने मागे घेतला. (त्यांनी सही केलीच नव्हती, हा भाग वेगळा.) मॅडम रागावल्या नाहीत. स्वतःला कर्करोग नाही हे कळल्यावर माणूस उदार होतो. म्हणाल्या, सर, नव्याने नोंदणी करा. निरोगी माणसं वेगवेगळ्या घरांतली आणा, या वेळी एकाही नात्यातली नकोत.
आणि हळूच म्हणाल्या, तुमच्या सासूबाई विरजण देतील का?

२८ एप्रिल
वहिनीला फोन केला.  सरळ सांगितलं: वहिनी, मी चुकीचं सांगितलं. दादाचं कळलं नसतं. माझ्या यंत्राने त्याला आजारी म्हटलं असतं, पण ते सगळ्यांनाच म्हणतं.
पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. 
ती म्हणाली, मग नीट करा भावोजी. ह्यांना आता घाई नाही.
 पुढे म्हणाली, आणि ते डबी का काय ते माझ्याकडे पाठवा. आमचं विरजण माझ्या आईचं आहे. तुमच्या सासूबाईंचं नाही.

३० एप्रिल
मुदत संपली. अठ्ठ्याण्णव टक्क्यांचा कागद टेबलावरून काढला.
चौथीतला तो नवा नकाशा आठवला. साहेबांनी पुन्हा तोच देश विचारला होता. मी बराच वेळ डाग शोधत उभा होतो.

४ मे
नव्या नोंदणीच्या रांगेत उभा होतो. पुढच्या मुलाने विचारलं, काका, मुलीसाठी आलात का? मी हो म्हणालो.
निरोगी नमुने: एक. वहिनीचा. नात्यातला नको असं मॅडम म्हणाल्या होत्या, पण विरजण वेगळं आहे म्हणून घेतला.
दुपारी डबा उघडला. दह्याची वाटी होतीच. आज मीच खाल्लं, सगळं. मांजर समोर बसून शेवटच्या चमच्यापर्यंत बघत होतं.
दोघांनाही आवडलं नाही.