ओढ्याला दिलेलं सोनं

बर्नाबी, कॅनडा, सोमवार

चि. श्रेयस यास जयदीपभाऊजींचे अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? दादासाहेबांचं बीपी? (ते आधी मोज, मग पुढे वाच.) इकडे तुझी अनुयाताई मजेत आहे, म्हणजे तिला अजून काही कळलेलं नाही. माझं व्हॉट्सअ‍ॅप ती बघते, म्हणून हे कागदावर.

झालं असं, गुरुवारी गुरुपुष्यामृत. घरात गुंजभर तरी सोनं यायला हवं. मी म्हटलं, दुकानात कशाला? दोन तासांवर लोन्सम क्रीक नावाचा ओढा आहे, तिथे हौशी लोकांना वाळू धुऊन सोनं काढू देतात. तिथल्या पाटीवर इतिहासच लिहिलाय: १८६१ साली कुणाला तरी वाळूत चार कण दिसले, उन्हाळ्यात चारशे तंबू पडले, तीन दारूची दुकानं आणि एक न्हावी आला, पुढच्या बर्फाआधी सगळं ओस. (न्हावी म्हणे शेवटी गेला. धंदा काय तो त्याचाच झाला असणार.) शहाण्यानं पाटीवरूनच परत फिरावं. मी पाण्यात उतरलो.

सोनं धुवायचा पॅन म्हणजे आपली परातच. तासभर नुसते खडे. अनुया डबा आणायला गाडीकडे गेली आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. सोनं जड, ते तळाशीच बसतं, वाहून जाणं शक्यच नाही, हे तिला सप्रयोग दाखवायचं ठरवलं आणि आधी तालीम म्हणून बोटातली अंगठी परातीत टाकली. हो, तीच. लग्नात दादासाहेबांनी स्वतःच्या बोटातली काढून जावयाला घातलेली. परात फिरवली, पाय घसरला, परात रिकामी.

दीड तास त्या गारठ्यात चाचपडत होतो. काठावरून तुझी ताई ओरडतेय, काय करताय एवढं? म्हटलं, सोनं शोधतोय. (खोटं एक अक्षर नाही.)

पुढच्या महिन्यात तुम्ही दोघं येताय. दादासाहेब दारातच माझा हात धरतात आणि अंगठी फिरवून बघतात. सध्या मी बागकामाचे ग्लोव्ह्ज घालून जेवतोय. पित्त उठलंय म्हणून सांगितलं, तर अनुयानं उद्याची डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली.

तुझा,
जयदीपभाऊजी

ता. क. अंगठीचा फोटो सोबत आहे. तुमच्या नेहमीच्या सोनाराकडून हुबेहूब घडवून आण. दादासाहेबांना पत्ता लागू देऊ नकोस.

ता. क. २. आत्ता आठवलं, तुमच्याकडे आलेलं पत्र जेवणं झाल्यावर दादासाहेबांना मोठ्यानं वाचून दाखवतात. हे अगदी वर लिहायला हवं होतं.

ता. क. ३. दादासाहेब, साष्टांग नमस्कार. अंगठी मी घालवली. तुम्ही रागवाल याची भीती नव्हती. काहीच न बोलता हात तसाच धरून ठेवाल, याची होती. रागवायला तरी याच. आणि अनुयाला तुम्हीच सांगा, माझी छाती होत नाही.