उंबऱ्यातली मावशी

ती. धोंडूमावशी,

तासगावात मी बँकेच्या जप्तीतून घरं वाचवण्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा पहिलं घर तुझंच आलं, कुंडलचं. "काही झालं तरी घर सोडू नकोस," असं मीच तुला बजावलं. तू उंबऱ्यात ठाण मांडलंस आणि दिवाळीनंतर तिथंच प्राण सोडलास.

परवा बँकेची माणसं सील लावायला आली आणि तशीच परतली. म्हातारी उंबऱ्यातून उठत नाही, असं ती माणसं सांगत होती. काल मी जाऊन पाहिलं. तिथं कुणी नव्हतं, पण उंबऱ्यावर हात ठेवला तर लाकूड ऊबदार लागलं.

"उठू का रं दिगू?" आवाज तुझाच होता.

तुझ्या तानाजीनं माझा दंड धरला. "दादा, व्हय म्हणू नगंस. बँकेची तडजोड हुईस्तवर बसू दे की आईला. तिला तरी दुसरं काय काम हाय?"

माझ्या त्या शब्दातून तुला मोकळं करायला हे पत्र उंबऱ्यात ठेवणार होतो. ठेवलं तर तू उठशील आणि पोरांचं घर जाईल. मेलेल्या माणसाला शब्दात अडकवायचा मला काय अधिकार? तरी पत्र माझ्याजवळच ठेवतोय.

काल मी तुला उत्तर दिलं नाही. तू अजून वाट बघत असशील.

तुझा,
दिग्विजय