उंदरांची पौर्णिमा

परभणी,
ता. १४ जुलै २०२५

ती. आईस,
धम्मशीलाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं, आणि हे अर्धवट सांगण्यासारखं नाही. आपल्या बांधावरच्या निर्गुंडीचा अर्क नापास झाला. उंदरांना तो पाजून मग पंजाला सूज आणणारं इंजेक्शन दिलं. सूज काही केल्या कमी होईना. माझ्या गाईड राजेश्री मॅडम म्हणाल्या, दुसरी वनस्पती घे. म्हणजे एम. फार्म.ची सगळी मेहनत पाण्यात.

खरं कारण त्यांना सांगितलेलं नाही. अर्क पाजण्याआधी उंदरांना उपाशी ठेवायचं असतं. नेमकी आषाढ पौर्णिमा आली, होस्टेलवर खीर झाली. आपल्या भरवशावरचं तोंड उपाशी असताना घास घेऊ नये, हे तुझंच सांगणं. मला गिळवेना. प्रत्येक पिंजऱ्यात थोडी थोडी खीर ठेवून आले. भरल्या पोटी अर्क लागू पडला नसणार. आता सांगितलं तर मॅडम प्रयोगशाळेत पाऊल ठेवू देणार नाहीत. काय करू?

बाबांना कळू देऊ नकोस. तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
धम्मशीला


ताडकळस,
ता. १८ जुलै २०२५

चि. धम्मशीलास,
अ. आ.

इथे आमी कोठीतले उंदीर हाकलून बेजार, आणि आमची लेक त्यांना खीर वाढून येते. बाबांना सांगितलंच मी. लय हसले.

पण पोरी, घास द्यायचं शिकवलं तसं खोटं न बोलायचंही मीच शिकवलं. तू गप्प बसलीस तर निर्गुंडीवर उगीच ठपका राहील, आणि त्या जिवांनी सोसलेलं दुखणं फुकट जाईल. मॅडमना सगळं सांग. रागावल्या तर रागावू दे. बाबा रविवारी ताजा पाला घेऊन येतायत.

जेवत जा वेळेवर. आमच्यावर जीव असू दे.
तुझी आई,
चांगुणा


परभणी,
ता. २१ ऑगस्ट २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

मॅडमना सांगितलं. बरेच दिवस त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, स्वतःहून बोललीस म्हणून एकच संधी. प्राण्यांवर प्रयोग करायला समितीची परवानगी लागते, ती पुन्हा काढली. या खेपेला पिंजऱ्यांच्या खोलीची किल्ली मीच त्यांच्याकडे देऊन टाकली.

काल मोजणी झाली. अर्क कोणाला आणि नुसतं पाणी कोणाला, हे मॅडमना माहीत नव्हतं. त्या एकेक पंजा मोजत गेल्या, मी भिंतीला टेकून उभी. कोणाला काय पाजलं त्याच्या बंद चिठ्ठ्या उघडल्या, तर पाणीवाल्यांचे पंजे टम्म, आणि अर्कवाल्यांची सूज निम्म्याहून कमी. मॅडमनी पुन्हा मोजलं, तेच आलं. मग म्हणाल्या, विषय निर्गुंडीच राहील, आणि डिसेंबरच्या परिषदेत तूच मांडायचा. आई, मी जिंकले. तिथेच रडले.

बाबांना जयभीम. लोभ वाढता ठेव.
तुझी,
धम्मशीला


ताडकळस,
ता. २५ ऑगस्ट २०२५

चि. धम्मशीलास,
अ. आ.

तुझं पत्र बाबांनी विहारात उभं राहून वाचलं. शेवटी त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं, राहिलेलं मी वाचलं. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

संध्याकाळी शेजारची तानुबाई सुजलेला गुडघा घेऊन दारात. पोरीला इतकं शिकवून काय करायचंय म्हणणारी तीच. तुमच्या लेकीचं औषध द्या म्हणाली. मी सांगितलं, आत्ता कुठं उंदरांवर जमलंय, माणसांना द्यायला वेळ हाय. असं कोण म्हणतं, तिनं विचारलं. मी म्हटलं, आमची धम्मशीला म्हणते. तानुबाई उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, ती म्हणत असेल तर थांबते.

आमची आठवण ठेव.
तुझी आई