मिठाची रेषा

दिघी बंदर,
रविवार, ६ नोव्हेंबर १९६०

ती. धर्मादादास,

दिनाचा दंडवत. केसरवहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. माझी प्रकृती बरी आहे, तुझीही असावी.

पंच बाळाजी मास्तरांनी शिट्टी मारली, हात वर केला आणि म्हणाले, "शब्द चुकला!" माझं सगळं त्या एका क्षणी बदललं. माघातली संध्याकाळ, पाचचा सुमार, साल पंचावन्न. त्याच्या आधी मी कुणीतरी होतो, दादा. त्यानंतर मी लाँचच्या धक्क्यावर तिकिटं फाडणारा माणूस आहे.

तुझं पाकीट मिळालं. पाच वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. आत असोसिएशनचं पत्र, जुन्या चौकशीच्या कागदाची नक्कल, आणि तुझी एकच ओळ: "तू कालेजात गेलेला, तूच लिही." खुशाली नाही, रागही नाही. तू शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

संघावरची बंदी उठवायला त्यांना दोन कागद हवेत. एक आपल्या संघाचा इतिहास, आणि दुसरा, ज्या खेळाडूने पंचांवर हात टाकला त्याच्या सहीचा जबाब. तीस तारखेच्या आत. नाहीतर शेव्याचा संघ कायमचा रद्द. समजलं. लिहितो.

इथे लिहायला वेळ भरपूर आहे. आगरदांड्याची लाँच गेली की ती परत येईपर्यंत धक्क्यावर मी आणि एक लंगडा कुत्रा. खाडीपलीकडची माणसं दिसतात पण ओळखता येत नाहीत. खोलीला खिडकी नाही, म्हणून दार उघडं टाकून बसतो. कुणी येईल म्हणून नव्हे, उजेडासाठी. भाषा विसरू नये म्हणून मी कधी कधी कुत्र्याशी आपल्याकडचं बोलतो. "काय रं, जेवलास का?" तो शेपूट हलवतो. इथल्या माणसांपेक्षा बरा.

असो. इतिहास.

सन सत्तेचाळीस. झेंडावंदनाला शेव्याच्या मिठागरावर पेढे वाटले, आणि येसाजीबाबा म्हणाला, "स्वराज आला, आता आपला संघ पन येऊं दे." संघाचं वय देशाच्या वयाएवढं, हे वाक्य मी पहिलंच घालणार आहे. बाबाला लिहिता येत नव्हतं, पण गड्याच्या छातीकडे बघून तो सांगायचा, याचा दम किती. त्याची परीक्षा म्हणजे मिठागराचा बांध. भरतीचं पाणी आत घ्यायच्या एका उघडीपासून दुसऱ्या उघडीपर्यंत एका दमात "हुतूतू" म्हणत चालायचं. मध्ये श्वास घेतला की बाबा ओरडायचा, "मेलास! जा, फावडा धर." मी आठवड्याभरात सतरा वेळा मेलो होतो. तू पहिल्याच दिवशी पार गेलास आणि पलीकडे उभा राहून वर गाणंही म्हणालास, असं बाबा शेवटपर्यंत सांगायचा. गाणं खरं का रे?

मिठागराचा मालक मॅचच्या दिवशी खाडा धरत नसे. तेवढ्यावर आपण स्वतःला पगारी खेळाडू समजायचो. मुंबईच्या गिरणीवाल्यांनी आपले तीन गडी नेले, कागदावर जॉबर आणि खरं काम चढाईचं. तुलाही बोलावलं होतं. तू म्हणालास, "मी गेलो तर रेषा कोन वढील?"

रेषा. हे मी इतिहासात घालणार म्हणजे घालणारच. सगळ्या जिल्ह्यात मैदानाच्या रेषा चुन्याच्या, आपल्या मिठाच्या. पाहुण्यांची ढोपरं फुटली की आग व्हायची, ते नाचायचे, आणि बायका बांधावरून ओरडायच्या, "नाच रं, नाच! लगीन हाय तुजा!" आपल्याला काही व्हायचं नाही. आपली ढोपरं जन्मल्यापासून खारवलेली. आणि खेळाच्या आधी प्रत्येकाने त्या रेषेतलं चिमूटभर मीठ जिभेवर ठेवायचं. वाद झाला तर रेषेतलं मीठ मुठीत घेऊन बोलायचं. मुठीत मीठ असताना कुणी खोटं बोलत नाही. मग तो आपला असो की पाहुणा, बाबाने सांगितलं की संपलं.

मग आला नवा नियम. "हुतूतू" बंद, "कबड्डी" म्हणायचं, आणि स्पष्ट म्हणायचं. आपले सगळे हैराण. सात वर्षं छातीत एक शब्द मुरवायचा आणि मग मुंबईचा कुणी साहेब सांगणार की तो शब्द चालत नाही? मला अजून राग येतो!

जबाबाचं मी असं ठरवलंय. मी त्या दिवशी "कबड्डी"च म्हणालो होतो, हे तुला ठाऊक आहे. पण संघासाठी मी लिहीन की घाईत जुन्या सवयीने "हुतूतू" निघालं, पंचांचा निर्णय बरोबर, हात टाकल्याबद्दल माफी. त्यांचंही राहील, आपलंही राहील. कसं वाटतं ते कळव.

घरातल्या सगळ्यांना नमस्कार. सगळ्यांना.

तुझा,
दिना


दिघी बंदर,
सोमवार, १४ नोव्हेंबर १९६०

धर्मादादा,

वरचं पत्र टाकलंच नाही. आठ दिवस तांदळाच्या डब्याखाली पडून होतं. फाडणार होतो, पण फाडत नाही. ते खोटं आहे आणि तू ते वाचायला हवंस. दोन्ही एकाच पाकिटात घालतो.

परवा शनिवारी सकाळच्या लाँचला गर्दी होती. मी खाली मान घालून तिकिटं फाडत होतो. समोरून आवाज आला, "दोन मोठी, यक बारकी. बारकीचा कडेवर बसल्यावर पन घेतंस काय?"

मान वर केली. तुझी कमळी होती.

कडेवर मुलगी, वर्ष-दीड वर्षाची. तिचे मालक मागे हमालाशी बोचक्यांवरून हुज्जत घालत होते. तळा गावाहून आले होते, मुरुडला लग्नाला निघाले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखणार कसे? तिच्या लग्नात मी नव्हतो.

मी म्हणालो, "कमळी."

"आता बोलतंस?" ती म्हणाली. "तवा बोलायचास."

मला वाटलं होतं, कधी भेटली तर मी खूप बोलेन. पाच वर्षं पाठ केलेलं. तोंडातून निघालं ते एवढंच, "तुझी बदनामी झाली असती."

"कुनी सांगितला तुला? बांधावरच्या साऱ्या बायांनी आयकला. मी पन आयकला. नाव घेतलंस त्याचा मना काय नाय वाटला. मुठीत मीठ घेऊन 'नाय' बोललास, त्याचा वाटला."

मी विचारलं, "दादाला ठाऊक आहे?"

ती हसली. तुझ्यासारखीच हसते, एका बाजूने. "दादा रेषेवर बसला व्हता. त्याच्या कानान काय मीठ भरला व्हता?"

मग मालक आले. तिने तिकिटं घेतली आणि मुलीला म्हणाली, "मामाला टाटा कर." मुलीने केला. लाँच गेली. मी मागचे सहा उतारू तिकिटाशिवाय सोडले, त्याची बोलणी खाल्ली.

आता इतिहास खरा लिहितो.

चोपन्न साली मी मुंबईचं कॉलेज इंटरच्या वर्षात सोडून आलो. घरी सांगितलं तब्येत मानवत नाही, तुम्हाला सांगितलं संघासाठी आलो. दोन्ही खोटं. दिवाळीच्या सुट्टीत कमळी सरावाला पाण्याची कळशी घेऊन यायची. सुट्टी संपली, सामान बांधलं, धक्क्यापर्यंत आलो आणि परत फिरलो. एवढंच कारण. तिच्याशी मी धड दहा वाक्यं बोललो नव्हतो.

"कबड्डी" माझ्या जिभेवर बसेना. अर्ध्या चढाईत हुतूतूच व्हायचं. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "दिनाची जीभ कालेजात राहिली." सगळे हसले, कमळीही हसली. जाताना म्हणाली, "आरं, आधी 'क' म्हन. 'क' आला का बाकीचा येतोय."

मी 'क' म्हणायला लागलो. पहाटे बांधावर एकटा, या उघडीपासून त्या उघडीपर्यंत. 'क'ला धरून जो शब्द सोपा आला तो म्हणत गेलो. तीनच अक्षरं, ताल तोच. दोन महिने, दादा. "कमळी कमळी कमळी" म्हणत मी तो बांध एका दमात पार करायला शिकलो. मैदानात आलो की शब्द बदलायचो. रोज जमायचं.

जिल्ह्याच्या फायनलला तू बाद होऊन रेषेबाहेर बसलास, बाकीचे पाच जणही. मी एकटा जिवंत. एका गुणाने मागे, शेवटची चढाई. माझ्या जिभेवर मीठ होतं. आत गेलो. कोपऱ्यातल्याला शिवलो, दुसऱ्याने पाय धरला, त्यालाही ओढत आलो. दोन गुण. रेषा दोन हातांवर. छातीत काही उरलं नव्हतं आणि कान बंद झाले होते. असं झालं की माणूस मैदान विसरतो. मी बांधावर होतो, पहाट होती, आणि मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते तू ऐकलंस.

मला ते कळलं शिट्टी वाजल्यावर. तोंडात शेवटचं अक्षर अजून होतं.

आणि मग मी काय केलं? म्हाताऱ्या माणसाच्या थोबाडीत मारली. निर्णय चुकला म्हणून नाही, दादा. बरोबर होता म्हणून. मास्तरांची टोपी मिठात पडली. त्यांनी ती उचलली, झटकली, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी अजून त्या बघण्यातून बाहेर आलो नाही.

तू आलास. माझं मनगट धरलंस. म्हणालास, "दिना, काय बोललास?"

"कबड्डी."

"मीठ घे."

मी वाकलो, रेषेतलं मीठ मुठीत घेतलं आणि सगळ्या जिल्ह्यासमोर म्हणालो, "कबड्डीच म्हणालो. दुसरं काही म्हणालो नाही." माझ्या हातावरचंच मीठ तू आपल्या मुठीत घेतलंस आणि म्हणालास, "माझा गडी खोटा नाय."

पाच वर्षं मी समजत होतो की मी तुला फसवलं. शनिवारी कळलं, तुला माहीत होतं. तू बहिणीसाठी मीठ उचललंस, आणि माझ्यासाठीही. येसाजीबाबाच्या हाताखाली शिकलेला माणूस, जो मिठाच्या रेषेसाठी गिरणीत गेला नाही. आणि त्यानंतर तू कधी मैदानात उतरला नाहीस. तिकडून आलेले लोक मला सांगायचे, बंदीचा राग आहे. मी मान डोलवायचो. तू खोट्या मिठावर पाय ठेवत नव्हतास, हे मला आता समजलं.

चौकशीच्या कागदाची नक्कल मी पहिल्याच दिवशी वाचली होती. मागच्या पत्रात तिच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, कारण लिहिता आलं नाही. मास्तरांनी लिहिलंय: "खेळाडूने नियमातील शब्द सोडून अन्य शब्द उच्चारला. तो शब्द कोणता, हे सांगण्याची आवश्यकता मला वाटत नाही." थोबाडीत खाल्लेल्या माणसाने. दोनदा विचारलं त्यांना, दोनदा तेच उत्तर. एका शब्दाने ते स्वतःला खरं ठरवू शकले असते. बांधावर एक पोरगी उभी होती म्हणून त्यांनी तो शब्द गिळला. ही नक्कल तू उगाच नाही पाठवलीस. तुझी एक ओळ खुशालीशिवायची का होती, तेही कळलं.

"हुतूतू"चं खोटं मी लिहिणार नाही. ते शहाणपणाचं खोटं होतं, म्हणून जास्त घाण. बाबाच्या शब्दाला त्यात ओढायचं नाही. जबाब काल लिहून झाला. चार ओळी आहेत: "शब्द चुकला होता. पंचांचा निर्णय बरोबर होता. त्यानंतर मी मीठ हातात घेऊन खोटं बोललो. कर्णधार व संघ यांचा त्यात दोष नाही." खाली सही. तो शब्द कोणता, हे मीही लिहिलेलं नाही. तेवढं मास्तरांकडून शिकलो. असोसिएशनने मला जन्मभर खेळू दिलं नाही तरी चालेल. संघाला खेळू द्यावं.

पण तुला सांगतो, कारण तुझ्याशी आता खोटं उरलं नाही. नियमाने तो शब्द चुकला असेल. माझ्या आयुष्यात मी पूर्ण छातीने म्हटलेला तो एकच शब्द. चुकीचा शब्द त्यानंतरचा. "कबड्डी."

कमळीबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. ती बरी दिसते. हातात काचेच्या बांगड्या भरपूर आहेत आणि मालकांना ती दटावते. मुलीचं नाव विचारायचं राहिलं.

इतिहासाची सोळा पानं सोबत आहेत, ती तीस तारखेच्या आत तू असोसिएशनला पाठव. बाबा सांगायचा ते तुझं गाणं घातलंय, खरं नसेल तर खोड. शेवटचं कोरं पान तुझ्याकडेच ठेव. रेषा तू पुन्हा ओढलीस की ते तू लिही, नाहीतर कुणाकडून तरी लिहवून घे. मला बोलाव असं म्हणत नाही. बोलावलंस तर बांधाच्या पलीकडच्या उघडीपाशी उभा राहीन, मैदानात येणार नाही.

आज लाँचवर रजा सांगितली आहे. सकाळचे सात वाजलेत. अलिबागला जाऊन जबाब स्वतः देणार, आणि तिथून मास्तरांच्या घरी. ते दार उघडतील की नाही माहीत नाही. उघडलं तर आधी पायांवर डोकं, मग बोलणं. टोपी घेतली आहे एक, पांढरी. मूर्खपणा वाटेल, पण रिकाम्या हाताने जाववत नाही.

कुत्रा उंबऱ्यावर येऊन बसलाय. पाच वर्षं हे दार मी उघडंच टाकत आलो. आज बाहेर पडतोय आणि ते ओढून घेतोय. कडी लावतो.

खाल्ल्या मिठाला उशिरा जागलेला,
दिनानाथ