बाबांचं चूर्ण

मंगळवार, संध्याकाळ

आज डॉक्टरांनी बाबांना सरळ विचारलं, "या गोळ्यांशिवाय आणखी काही घेता का?" बाबा म्हणाले, "काईच नाई." मी शेजारीच बसले होते. तरी गप्प राहिले. का?

बाबांना साखरेचा आजार आहे. सकाळी पवनारच्या बसस्टॉपवर ते घामाने निथळले, हात थरथरायला लागले. कोणीतरी चहात तीन चमचे साखर घालून पाजली म्हणून निभावलं. फोन आला तेव्हाच मला ते चूर्ण आठवलं होतं. गुडमार, कारलं, जांभळाच्या बिया. जाम गावच्या दुकानातून मीच आणून दिलेलं. झाडपाल्याचं आहे, अपाय कसला होणार, असंही मीच म्हणाले होते.

दवाखान्याच्या दारापर्यंत आलो आणि मी परत फिरले. डॉक्टरांना चूर्णाचं सांगितलं. ते रागावले नाहीत, तेच मनाला जास्त लागलं. म्हणाले, "गोळीनेही साखर उतरते, चूर्णानेही. दोन्ही मिळून ती फार खाली गेली असणार. चूर्ण बंद करा आणि परवा साखर तपासून आणा."

बसमध्ये बाबांना विचारलं, "तुमी चूर्णाचं काऊन नाई सांगतलं?"

खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू आणलं होतं ना माय. डॉक्टर तुले बोलला असता. मले ते ऐकवलं नसतं."

म्हणजे बाबा माझ्यासाठी खोटं बोलले. मी कोणासाठी गप्प बसले होते, ते इथे लिहितानाही लाज वाटते.