लेझीमच्या रांगेतून काढलेली मुलगी

बाई, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी तुम्हालाच लिहिते आहे. हे दुसऱ्या कुणाला सांगायला तोंड नाही. छावणीजवळच्या आपल्याच शाळेत, तुमच्याच जागी, मी आता खेळ शिकवते. मैदानाच्या कडेचा कडुलिंब आहे अजून. सामना संपला की कोण जिंकलं हे तुम्ही कधी विचारलंच नाहीत. घामाघूम झालेल्या आम्हाला त्या लिंबाखाली बसवून म्हणायचात, "आज कोण खेळलं नाय? आन् का नाय खेळलं?" आम्ही वैतागायचो. मग दिसायला लागायचं: कुणाला बूट नव्हते, कुणी पाणी भरायला घरी गेलेली. एकदा क्रीडादिनी पाहुण्यांच्या स्वागताला सगळ्या मुलींच्या हाती लेझीम देऊन आमची शर्यत रद्द करायचं ठरलं. तुम्ही सरळ मुख्याध्यापकांसमोर उभ्या. "सर, आधी पोरी पळतील, मग स्वागत." पाहुणे ताटकळले, आम्ही पळालो. ऑफिसात बोलणी खाऊन तुम्ही बाहेर आलात आणि गळ्यातली शिट्टी काढून मला दिलीत. अजून तीच वाजवते मी.

गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गात तुमचाच प्रश्न मी मोठ्या ऐटीत विचारला. मैदानावर कोण खेळतं, कोण नाही, बघा आणि बोला. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, पोरं खेळतेत. आमी रोज पाहुण्यासाठी लेझीम करतो. आमची शर्यत कधी हाय?" पाहुण्यांना लवकर निघायचंय म्हणून मुलींची शर्यत मीच काढून टाकली होती. वरून शब्द आला आणि मी मान डोलावली. सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या. "लई आगाऊ झालीस, बस खाली," मी ओरडले. तेवढ्यानं भागलं नाही, तिला लेझीममधूनही काढलं.

आज क्रीडादिन झाला. पाहुणे खूश, मुली सुरेख नाचल्या, आणि ती लिंबाखाली एकटी बसून होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की शिट्टी ओढणीखाली लपवली. सगळे पांगल्यावर तिच्याजवळ गेले. चुकलं म्हणायलाच गेले होते, बाई. ती लगेच उठून उभी राहिली.

"मॅडम, आज कोण खेळलं नाय ते मी बघून ठेवलंय. सांगू?"

"उद्या सांग," म्हणाले आणि वळले.

उद्या रविवार आहे, बाई. म्हणतानाच मला ते माहीत होतं.