कोरड्या तळ्यात बाटलीभर पाणी

ती. आईस,
इथूनच पाया पडतो.

मी ठीक आहे. पाठ दुखते, पण दिवसभर पोकलेनवर बसून कोणाची दुखत नाही?

मी खोदलेल्या तळ्यावर आज सगळ्यांनी मिळून माती-पाणी जपण्याचा सोहळा केला. हार पोकलेनला मिळाला, मला चहा. तळं कोरडंच, म्हणून प्रत्येकाने घरून तांब्याभर पाणी आणून ओतलं. माझ्याकडे घरचं पाणी कुठलं? प्यायची बाटली रिकामी केली. भाषणं संपेपर्यंत सगळं मुरलंही. मुरायलाच हवं, त्यासाठीच तर खोदलं.

आता पलीकडच्या तळ्याचं काम काढलंय, तेव्हा माझं येणं लांबलं.

तू अजून चढावरून हंडा आणतेस का? गुडघ्याचं खरं काय ते लिही. नुसतं 'ठीक आहे' लिहू नकोस. ते मीही लिहितो.

तुझा
थोरला